ऑफिसची टीम, जानेवारीतली ड्रीम रन आणि लहान मुलांचा कॅन्सर: सल्ला हवाय

ओवी_ठाणे (६ सप्टेंबर)

नमस्कार मंडळी. आमचं ऑफिस ठाण्यात, घोडबंदर रोडला. जानेवारीतल्या टाटा मुंबई मॅरेथॉनच्या ड्रीम रनला, म्हणजे त्यातल्या छोट्या, हौशी दौडीला यंदा कंपनीची टीम उतरवायची असं ठरलंय. कशासाठी धावायचं यावर मतं मागवली, तर सगळ्यात जास्त मतं लहान मुलांच्या कॅन्सरला पडली. त्याला कारण आहे. आमच्या अकाउंट्समधल्या एका सहकाऱ्याच्या मुलाला ल्युकेमिया (रक्ताचा कॅन्सर) झालाय. पहिलीतला मुलगा. परळला टाटा मेमोरियलमध्ये उपचार चालू आहेत आणि सुदैवाने मुलगा त्यांना चांगली साथ देतोय.

सगळं जुळवून आणायचं काम माझ्याकडे आहे आणि मला ते मनापासून करायचंय. पण गोष्टी गुंतत चालल्यात. कुठल्या संस्थेसाठी निधी जमवायचा हे ठरत नाहीये. एक वरिष्ठ म्हणतात, पळायचं कशाला, तेवढेच पैसे थेट हॉस्पिटलला देऊन टाका. मार्केटिंगवाल्यांना बॅनरवर त्या मुलाचा फोटो हवाय. त्याच्या बाबांना विचारलं तर 'बघू' म्हणून विषय बदलला. आणि टीममधल्या निम्म्या लोकांनी शाळा सुटल्यापासून धावणं म्हणून केलेलं नाही.

ज्यांनी असं काही केलंय, जे हॉस्पिटलमध्ये आहेत, किंवा ज्यांच्या घरात हे होऊन गेलंय, त्यांनी कृपया लिहा.

---

कांदेपोहे (६ सप्टेंबर)

चांगला विषय. रुमाल टाकून ठेवतो. धावून झाल्यावर नाश्त्याला कुठे जमायचं या उपप्रश्नाची जबाबदारी माझी.

---

काथ्याकूट (६ सप्टेंबर)

तुमच्या वरिष्ठांशी सहमत. टी-शर्ट, बॅनर, बस, फोटोग्राफर, नाश्ता, या सगळ्याचा खर्च काढा आणि संस्थेला प्रत्यक्षात किती जातात ते शेजारी लिहा. बऱ्याच कंपन्यांत पहिला आकडा दुसऱ्याच्या जवळपास असतो. मुलांना केमो लागते, तुमचे टी-शर्ट नाहीत. चेक लिहा, मोकळे व्हा.

---

धावता_धोटा (६ सप्टेंबर)

@काथ्याकूट, खर्चाबद्दल बरोबर बोललात, चेकबद्दल नाही. मी या मॅरेथॉनला बरीच वर्षं जातोय. २००४ साली सुरू झाली तेव्हा लोक रस्त्याच्या कडेला उभे राहून नुसते बघायचे. आज तिच्यातून संस्थांसाठी मोठा निधी उभा राहतो, आणि त्यातला बराचसा कंपन्यांचे चेक नसतात, माणसांनी माणसांकडून मागितलेला असतो. कंपनीने चेक लिहिला की एक सही होते. ऑफिसमधल्या चाळीस जणांनी आपापल्या भावाला, सासऱ्यांना, सोसायटीतल्या ग्रुपला सांगितलं, की त्यातले कित्येक जण आयुष्यात पहिल्यांदा अशा कामाला पैसे देतात आणि पुढच्या वर्षी विचारतात, यंदा कधी? चेकमागे कुणी असं विचारत येत नाही.

ओवीताई, व्यवहार असा चालतो: दान-निधीचं काम युनायटेड वे मुंबई बघते. संस्था त्यांच्याकडे नोंदणी करतात. कंपनी टीम म्हणून जागा घेते, त्या कुठल्या संस्थेसाठी ते निवडते, आणि शिवाय प्रत्येक धावक स्वतःचं ऑनलाइन पान उघडून निधी जमवू शकतो. हे दुसरं केलंत तरच धावण्याला अर्थ आहे. नुसत्या जागा घेऊन फोटो काढणार असाल तर काथ्याकूट म्हणतात तेच खरं.

पळण्याचं म्हणाल तर ड्रीम रन जेमतेम सहा किलोमीटर. वेळ मोजत नाहीत, आणि सीएसएमटीपाशी एवढी गर्दी असते की सुरुवातीला पळायला जागाच नसते. आजपासून आठवड्यातून तीनदा अर्धा तास भरभर चाला, महिन्याभराने मध्ये मध्ये मिनिटभर पळा. ज्यांना बीपी, शुगर किंवा छातीचा काही इतिहास आहे त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. नवे कोरे बूट त्या दिवशी घालू नका. ड्रीम रन उशिरा सुटते, तोवर ऊन चढायला लागलेलं असतं, टोपी घ्या. पहाटेच्या जादा लोकल असतात, वेळा आदल्या आठवड्यात जाहीर होतात.

---

हिशेबनीस (७ सप्टेंबर)

पेशाने सीए, म्हणून पैशाच्या बाजूचं लिहितो.

एक, तुमच्या कंपनीच्या मनात हा खर्च सीएसआरमध्ये (कंपन्यांनी कायद्याने करायच्या समाजकार्याच्या खर्चात) दाखवायचा असेल तर आधी त्याचे नियम वाचायला द्या. मॅरेथॉनसारखे एकवेळचे कार्यक्रम सीएसआर खर्चात धरता येणार नाहीत असं कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या १८ जून २०१४ च्या परिपत्रकात (क्र. २१/२०१४) स्वच्छ म्हटलं होतं. २०२१ च्या सुधारित नियमांनी जाहिरातीचा फायदा मिळवण्यासाठीचं प्रायोजकत्वही बाहेर काढलं. म्हणजे टीमचा खर्च कंपनीने आपल्या खिशातून करायचा. सीएसआरचे दोन टक्के द्यायचेच असतील तर उपचार, राहण्याची सोय, आहार अशा कामाला वेगळा, नीट लिहिलेला प्रकल्प म्हणून द्या.

देणगीदारांसाठी: देणगीवरची आयकरातली ८०जीची वजावट जुन्या करपद्धतीतच मिळते. नव्या पद्धतीत गेलेल्यांना ती नाही, हे आधीच सांगा, नाहीतर मार्चमध्ये तुमच्याच टेबलापाशी रांग लागेल. दोन हजारांच्या वर रोख दिली तर वजावट नाही. संस्थेकडून देणगीचं प्रमाणपत्र मिळतं, ते जपून ठेवायचं. धावण्याचं नोंदणी शुल्क आणि देणगी एकत्र करू नका.

आणि कंपनीकडून एक गोष्ट मागून घ्या: कर्मचाऱ्यांनी जमवलेल्या प्रत्येक रुपयाला कंपनीचा एक रुपया. टी-शर्टवर खर्च करायला तयार असलेली कंपनी याला नाही म्हणायला लाजते.

---

मोरपंखी_मी (७ सप्टेंबर)

हिशेबनीस यांना दणदणीत अनुमोदन. वाचनखूण साठवली.

---

परळकर_सिस्टर (७ सप्टेंबर)

मी बालकर्करोग विभागात परिचारिका होते, आता निवृत्त. आठवड्यातून दोनदा मुलांच्या कुटुंबांसाठी असलेल्या एका निवासात जाते. संस्था कुठली निवडायची हे विचारलंत, म्हणून कुटुंबाला नेमकं काय लागतं ते लिहिते. मग तुम्हीच ठरवा.

टाटामध्ये येणारी मुलं महाराष्ट्रातली असतात तशी उत्तर प्रदेश, बिहार, बंगालमधूनही येतात. सगळ्यात जास्त आढळणाऱ्या ल्युकेमियाचा उपचार दोन ते अडीच-तीन वर्षं चालतो. सुरुवातीचे सहा-आठ महिने तर मुंबई सोडताच येत नाही. औषधांसाठी महात्मा फुले योजना, मुख्यमंत्री निधी, रुग्णालयाचा समाजसेवा विभाग, ट्रस्ट असं बरंच काही आहे. रेल्वेत रुग्णाला आणि सोबत्याला सवलत आहे. पण राहायचं कुठे? खायचं काय? बापाची मजुरी बुडाली त्याचं काय? मागे गावी राहिलेल्या दुसऱ्या लेकराचं काय? मुलाचं औषध मोफत असूनही लोक उपचार अर्धवट सोडून निघून जातात ते यामुळे. आपल्याकडे मुलं दगावण्याचं हे फार मोठं कारण आहे, आणि ते टाळता येतं.

म्हणून राहण्याची सोय बघणाऱ्या संस्था मला फार मोलाच्या वाटतात. परळचं नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन आणि दादरची गाडगे महाराज धर्मशाळा पिढ्यान्‌पिढ्या हे करतायत. फक्त मुलांसाठी म्हणून २००६ पासून सेंट ज्यूड इंडियाची केंद्रं आहेत. आहारासाठी कडल्स फाउंडेशन आहे. टाटाच्या बालविभागाचं स्वतःचं इम्पॅक्ट फाउंडेशन आहे, ते उपचार सुटू नयेत म्हणून कुटुंबाच्या मागे उभं राहतं.

मी जाते तिथलं स्वयंपाकघर तुम्ही एकदा बघा. ओळीने शेगड्या, प्रत्येक कुटुंबाची आपली एक. एकीवर बंगाली आई मासा शिजवतेय, शेजारी बीडची आई भाकरी थापतेय, पलीकडे दरभंग्याचे वडील मुलासाठी अंडं उकडतायत, कारण आई धाकट्याला घेऊन गावी आहे. त्या वडिलांनी जन्मात चूल पेटवली नव्हती. त्यांना बीडच्या ताईंनी शिकवलं. भाषा एकमेकांची येत नाही. कुणाच्या मुलाचे काउंट (रक्तातल्या पेशींचे आकडे) किती आले ते मात्र सगळ्यांना माहीत असतं, बोटांनी दाखवतात. या कट्ट्यावर महिन्याला धान्य, तेल, गॅस लागतो. तुमची टीम पळाली आणि त्यातून एका निवासाचा सहा महिन्यांचा शिधा भरला, तर ते मला कुठल्याही बॅनरपेक्षा आवडेल.

---

कांदेपोहे (७ सप्टेंबर)

सिस्टर, हे वाचून नाश्त्याचं बजेट आत्ताच कापलं. टीमने डबे घरून आणावेत, वाचलेले पैसे त्या शेगड्यांना. गंभीरपणे म्हणतोय.

---

वाईचा_डॉक्टर (७ सप्टेंबर)

बालरोगतज्ज्ञ आहे, तालुक्याच्या गावी. धाग्यावर शंभर माणसं येणार असतील तर त्यांना हे कळलेलं बरं, म्हणून थोडं विषयांतर.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी एकोणीस वर्षांपर्यंतच्या सुमारे ४ लाख मुलांना कॅन्सर होतो. श्रीमंत देशांत त्यातली ८० टक्क्यांहून जास्त बरी होतात, गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या अनेक देशांत ३० टक्क्यांहूनही कमी. २०१८ मध्ये त्यांनी उद्दिष्ट ठेवलं, २०३० पर्यंत जगभरात निदान ६० टक्के. ही दरी नव्या औषधाच्या शोधाअभावी पडलेली नाही. निदान उशिरा होतं, चुकीचं होतं, किंवा होतच नाही, आणि झालं तर उपचार मध्येच सुटतात.

मोठ्यांसारखी मुलांची आधीपासून तपासणी करून हा आजार पकडता येत नाही. तंबाखू, दारू, खाणं यांचा त्याच्याशी सहसा संबंध नसतो. बहुतेक मुलांत तो आनुवंशिकही नसतो आणि तो अजिबात संसर्गजन्य नाही. आईने गरोदरपणात अमुक खाल्लं म्हणून झालं, हे सुद्धा खोटं. त्यामुळे लक्षणं ओळखणं एवढंच हातात आहे: न हटणारा ताप, फिकटपणा, न लागता अंगावर उठणारे काळेनिळे डाग, हाडं दुखतात म्हणून लंगडणं किंवा रात्री रडून उठणं, पोटात हाताला लागणारी गाठ, मानेतली वाढत जाणारी गाठ, सकाळी डोकेदुखी आणि उलटी, नव्याने आलेला तिरळेपणा. आणि फ्लॅश टाकून काढलेल्या फोटोत डोळ्याच्या एका बाहुलीत पांढरी चमक दिसली तर त्याच आठवड्यात डोळ्यांचे डॉक्टर गाठा. रेटिनोब्लास्टोमा, म्हणजे डोळ्याचा कॅन्सर, वेळेत सापडला तर मूल वाचतं आणि बऱ्याचदा डोळाही.

ओवी, टी-शर्टच्या पाठीवर कंपनीची टॅगलाइन छापण्याऐवजी ही लक्षणं छापा. ड्रीम रनच्या गर्दीत मागचा माणूस अर्धा तास तुमची पाठच वाचत असतो.

---

काथ्याकूट (७ सप्टेंबर)

हे आवडलं. टी-शर्टला पहिल्यांदा काही उपयोग सापडला.

---

एडिसनची_आत्या (८ सप्टेंबर)

न्यू जर्सीहून. इकडे सप्टेंबर हा बालकर्करोगाचा महिना, सोनेरी फीत लावतात. आमच्या ऑफिसची टीम 'मिलियन माइल' करते. २००० साली चार वर्षांच्या अ‍ॅलेक्स स्कॉटने स्वतः आजारी असताना घराबाहेर लिंबू सरबताचा ठेला लावून संशोधनासाठी पैसे जमवले. ती २००४ मध्ये गेली, तिच्या नावाची संस्था अजून जोरात आहे. त्यांच्या या उपक्रमात महिनाभर प्रत्येकाने आपापल्या वेळेला चालायचं, पळायचं, सायकल चालवायची आणि मैल एकत्र नोंदवायचे. याचा फायदा असा की गुडघे दुखणारी, लहान बाळवाली, रात्रपाळीची, सगळी माणसं टीममध्ये येतात. तुम्हालाही जानेवारीच्या आधी डिसेंबरभर असं करता येईल.

अवांतर: तिकडचं सेंट ज्यूड आणि आमच्या मेम्फिसचं सेंट ज्यूड हॉस्पिटल वेगवेगळ्या संस्था आहेत. परदेशातल्या नातेवाइकांना लिंक पाठवताना नीट बघून पाठवा.

---

घाटपायथा (८ सप्टेंबर)

टेरी फॉक्सचा उल्लेख अजून कुणीच कसा केला नाही? अठराव्या वर्षी हाडाच्या कॅन्सरने पाय गेला. १२ एप्रिल १९८० ला कॅन्सरच्या निधीसाठी कृत्रिम पायाने कॅनडा ओलांडायला निघाला, १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर धावला, रोज जवळपास एक मॅरेथॉन. फुप्फुसात आजार पसरला तेव्हा थांबावं लागलं, पुढच्या जूनमध्ये गेला, बावीस वर्षांचा होता. आपल्या धावण्यावर त्याने कुठल्याही कंपनीला जाहिरात करू दिली नाही, आणि त्याच्या नावाच्या दौडीत तो दंडक आजही पाळतात. बॅनर आणि लोगोचा विषय निघालाच आहे म्हणून सांगितलं.

---

धावता_धोटा (८ सप्टेंबर)

@घाटपायथा, एकदम योग्य आठवण. टेरीला झालेला ऑस्टिओसार्कोमा, म्हणजे हाडाचा कॅन्सर, हा मुख्यतः वयात येणाऱ्या मुलांचा आजार. गुडघ्यापाशी दुखतं, खेळताना लागलं असेल म्हणून महिनोन्‌महिने लेप लावत बसतात.

---

निवांत_नाशिक (८ सप्टेंबर)

मला एक सुचतंय. उपचार घेणाऱ्या काही मुलांना त्या दिवशी शेवटच्या रेषेपाशी आणलं आणि त्यांच्या हातून टीमला पदकं दिली तर? टीमला कळेल आपण कुणासाठी धावलो. मुलांनाही मजा येईल.

---

परळकर_सिस्टर (८ सप्टेंबर)

निवांत, तुमचा हेतू चांगला आहे हे कळतंय, पण कृपया नको. केमो चालू असताना पांढऱ्या पेशी इतक्या खाली जातात की साधा ताप आला तरी तासाभरात ॲडमिट करावं लागतं. हजारो माणसांच्या गर्दीत, धुळीत ते मूल आणायचं नाही. आणि पदक द्यायला उभं केलेलं मूल त्या दिवशी सगळ्यांसाठी 'कॅन्सरचं मूल' होऊन जातं.

निवासाला भेट द्यायची असेल तर आधी विचारून, थोड्या जणांनी, सर्दी-खोकला नसलेल्यांनीच जा. उघडी मिठाई, फुलं, वापरलेली मऊ खेळणी नेऊ नका, त्यांत धूळ आणि बुरशी बसते. धुता येतील अशी नवी खेळणी, रंग, चित्रकलेच्या वह्या न्या. टक्कल बघून डोळे भरून येतील, ते बाहेर आल्यावर पुसा. मुलाला तुमच्याशी कॅरम खेळायचा असतो.

---

निवांत_नाशिक (८ सप्टेंबर)

सिस्टर, पटलं. लिहिलंत म्हणून कळलं, धन्यवाद.

---

एका_मुलीचा_बाबा (९ सप्टेंबर)

दोन दिवस वाचतोय. लिहू की नको करत होतो.

माझ्या मुलीला पाचव्या वर्षी ल्युकेमिया झाला. आता ती नववीत आहे, बरी आहे, वर्षातून एकदा तपासणीला जातो. तेव्हा मी पुण्यात नोकरीला होतो. आमच्या ऑफिसनेही धावायचं ठरवलं होतं आणि मलाही तोच प्रश्न आला होता: फोटो देशील का?

ओवीताई, तुमच्या सहकाऱ्याचं 'बघू' म्हणजे 'नाही' आहे. ऑफिसात त्याची बढती, रजा, पगार सगळं ज्यांच्या हातात आहे, त्यांनी विचारल्यावर तो तोंडावर नाही कसं म्हणणार? आणि हे त्याच्या एकट्याचं नाहीच. तो मुलगा उद्या पंधरा वर्षांचा होईल. टक्कल पडलेला, स्टेरॉइडने चेहरा सुजलेला त्याचा फोटो इंटरनेटवर असावा की नाही, हे त्याला तेव्हा ठरवू दे. माझी मुलगी आज तिच्या मैत्रिणींना स्वतःहून सांगते, कुणाला सांगायचं ते ती निवडते. तो तिचा हक्क आहे आणि आम्ही तो तिच्यासाठी राखून ठेवला याचं मला समाधान आहे.

आता ऑफिसने काय केलं तर उपयोग होतो, ते सांगतो. लोकांना वाटतं हॉस्पिटलचे पहिले महिने संपले की संपलं. त्यानंतर दीड-दोन वर्षं मेंटेनन्स असते, म्हणजे घरी राहून चालू ठेवायचे औषधोपचार. रोज रात्री ६-एमपी नावाची केमोची गोळी. आमच्या फ्रिजवर कागद चिकटवलेला होता, कुठल्या दिवशी पूर्ण, कुठल्या दिवशी अर्धी. ती अर्धी गोळी बायको सुरीने कापायची, तिचा हात बरोबर मध्यावर पडायचा, माझा पडायचा नाही. आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट हे दुसरं औषध. महिन्याला रक्त, इंजेक्शन, मधूनच पाठीतून औषध. व्हिन्क्रिस्टिन या इंजेक्शनने पावलं लुळी पडायची, चालताना बोटं जमिनीला घासायची. फिजिओथेरपिस्ट तिला टाचांवर चालायला लावायच्या, दारापासून बाल्कनीपर्यंत. आणि केव्हाही ताप आला की सगळं टाकून पळायचं. या काळात ऑफिसात सगळ्यांना वाटत असतं की आता तुमचं रुळावर आलंय. माझ्या रजा केव्हाच संपल्या होत्या. बिनपगारी चालू होतं. माझ्या ओळखीत एकाने या टप्प्यावर नोकरी सोडली, एकाला ती सोडायला लावली.

आमच्या टीमने निधी जमवला, चांगला जमवला. पण मला वाचवलं ते दुसऱ्याच गोष्टीने. टीममधल्या एक मॅडम एचआरला जाऊन भांडल्या आणि सहकाऱ्यांच्या न वापरलेल्या रजा माझ्या नावावर टाकता येतील अशी सोय करून घेतली. ती सोय पुढे सगळ्यांसाठीच झाली. शिवाय बऱ्याच कंपन्यांच्या ग्रुप मेडिक्लेममध्ये 'कॉर्पोरेट बफर' नावाची राखीव रक्कम असते, कर्मचाऱ्याची मर्यादा संपली की एचआर त्यातून देऊ शकतं. मला ती आहे हेच माहीत नव्हतं, त्याच मॅडमनी पॉलिसी वाचून काढली. तोंडाने घ्यायच्या गोळ्या, ओपीडीतल्या तपासण्या, प्रवास हे बऱ्याच पॉलिसींत बसत नाही. त्यासाठी काय करता येईल ते तुमच्या एचआरला आत्ता विचारा.

तुम्ही धावा. नक्की धावा. मुलगी अजून त्या वर्षीच्या टीमचा फोटो दाखवून सांगते, हे सगळे माझ्यासाठी पळाले. पण तुमच्या अकाउंट्समधल्या माणसाला पोस्टरवर काही नको आहे, त्याला मंगळवारी सकाळी परवानगी न मागता हॉस्पिटलला जाता यायला हवं.

---

मोरपंखी_मी (९ सप्टेंबर)

दादा, लिहिलंत ते फार चांगलं केलंत. लेकीला खूप खूप प्रेम.

---

काथ्याकूट (९ सप्टेंबर)

पहिल्या प्रतिसादात मी पैशांचंच बोललो होतो. पैसे कुठे जातात हे बघायलाच हवं यावर मी ठाम आहे. पण ही रजेची गोष्ट चेकने होणारी नाही, ती आतल्या माणसांनीच करायची, आणि त्यासाठी ऑफिस एकदा तरी या विषयाभोवती जमायला हवं. धावा बुवा.

---

वाईचा_डॉक्टर (९ सप्टेंबर)

बाबांच्या प्रतिसादाला जोडून एक. चाळीस धडधाकट, व्यायाम करणारी माणसं एकत्र येतायत तर त्यांची प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) दात्यांची यादी करा. केमोनंतर प्लेटलेट घसरतात आणि रक्तस्रावाचा धोका असतो. प्लेटलेट पाच दिवसांच्या वर टिकत नाहीत, त्यामुळे साठवून ठेवून भागत नाही, दाता त्या त्या वेळी लागतो. एका दात्याकडून मशीनवर काढतात (एसडीपी), तास-दीड तास लागतो, लाल पेशी परत शरीरात जातात, त्यामुळे अशक्तपणा फारसा येत नाही आणि पुन्हा लवकर देता येतात. मे महिन्यात आणि दिवाळीत, कॉलेजं बंद आणि लोक गावी, तेव्हा रक्तपेढ्यांत खडखडाट असतो. बाहेरगावच्या कुटुंबाला मुंबईत दाता कुठून मिळणार? त्या वडिलांच्या हातात फोन असतो आणि त्यात या शहरातला एकही नंबर नसतो.

---

हिशेबनीस (९ सप्टेंबर)

हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मोलाचं. यात ८०जी पण नको.

---

कांदेपोहे (१० सप्टेंबर)

मी मुलुंडला आहे, बी पॉझिटिव्ह. ओवीताईंच्या ऑफिसातला नसलो तरी मला यादीत घ्या. रक्तगटाच्या बाबतीत मी नेहमीच सकारात्मक.

---

ओवी_ठाणे (२७ सप्टेंबर)

उत्तर द्यायला उशीर झाला, मध्ये गणपती आणि मग ऑफिसात बैठकांवर बैठका. सगळ्यांचे मनापासून आभार. एका_मुलीचा_बाबा, तुमचा प्रतिसाद मी छापून एचआर प्रमुखांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी तो माझ्यासमोर दोनदा वाचला.

काय ठरलं ते सांगते. बॅनरवर कुठल्याही मुलाचा फोटो नाही. सहकाऱ्याला मी पुन्हा काहीच विचारलं नाही, फक्त सांगितलं की फोटोचा विषय संपला. तो लगेच म्हणाला, मग मी पण धावतो. टी-शर्टच्या पुढे संस्थेचं नाव, पाठीवर डॉक्टरांनी लिहिलेली लक्षणं मराठीत आणि हिंदीत. कंपनीचा लोगो बाहीवर, छोटा. मार्केटिंगशी यावर बराच वाद झाला, शेवटी घाटपायथा यांनी लिहिलेली टेरी फॉक्सची गोष्ट कामी आली.

निधी राहण्याच्या आणि शिध्याच्या सोयीसाठी द्यायचा, संस्थेशी बोलणी चालू आहेत. कर्मचारी जमवतील तेवढेच कंपनी घालणार, हे लेखी घेतलंय. एचआरने पॉलिसी काढली तर त्यात बफर निघाला, आणि गेल्या वर्षभरात तो कुणी मागितलेलाच नव्हता. रजा देण्याची सोय पुढच्या महिन्यात संचालकांपुढे जातेय. तिथे काय होईल माहीत नाही. नाही म्हणाले तर पुन्हा जाऊ.

डिसेंबरभर एडिसनच्या आत्यांनी सांगितलं तसे किलोमीटर जमवणार आहोत. आमच्या कॅन्टीनचे काका रोज कळव्याहून चालत येतात, आत्ताच सगळ्यांच्या पुढे आहेत.

---

धावता_धोटा (२७ सप्टेंबर)

वा! सरावाला रविवारी सकाळी सहाला उपवनला येत जा सगळे, मी असतो. तलावाला फेऱ्या मारू. त्या सहकाऱ्याला मात्र सांगा, मुलाचे काउंट खाली असतील तर गर्दीतून घरी गेल्यावर आंघोळ, कपडे बदलणं आधी, मुलाला जवळ घेणं नंतर.

---

एका_मुलीचा_बाबा (२७ सप्टेंबर)

हे त्याला कुणी सांगायची गरज नाही, धोटेराव. तो केव्हापासून तेच करत असणार.

ओवीताई, संचालकांच्या बैठकीआधी काही लागलं तर मला व्यक्तिगत निरोप करा. आमच्या जुन्या कंपनीतला रजेचा नियम कसा लिहिला होता तो कागद माझ्याकडे आहे.

---

मोरपंखी_मी (२८ सप्टेंबर)

प्लेटलेटच्या यादीत बायकांनाही येता येतं ना? माझं वजन ५४ आहे आणि अधूनमधून डोकेदुखीची गोळी लागते.

---

परळकर_सिस्टर (२८ सप्टेंबर)

येतं की. वजन ५० च्या वर हवं, हिमोग्लोबिन आणि प्लेटलेटचा आकडा तिथे तपासतात. ॲस्पिरिन असलेली गोळी घेतली असेल तर तीन दिवस थांबावं लागतं, म्हणून गोळीचं नाव बघून ठेवा. हाताची शीर बघूनच घेतात, काहींची बारीक असते, त्यांना परत पाठवलं तर वाईट वाटून घेऊ नका, साधं रक्तदान करा. जाताना पोटभर खाऊन जा. ओवी, यादीत रक्तगटाबरोबर प्रत्येकाचं राहण्याचं ठिकाण आणि किती वाजेपर्यंत फोन केलेला चालेल तेही लिहून घे.

---

ओवी_ठाणे (२८ सप्टेंबर)

लिहून घेते सिस्टर. मोरपंखी, कांदेपोहे, तुमची नावं घातली. बाहेरच्या अजून कुणाला यायचं असेल तर मला निरोप करा, नंबर इथे उघड्यावर टाकू नका.